चौदा पाहुणे, दोन बर्नर आणि एक मोठं पातेलं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. चौदा जण, त्यात चार मुलं, मुक्काम तीन रात्रींचा. दोघं मांस-मासे खात नाहीत. स्वयंपाकघरात दोन बर्नर आणि एक मध्यम आकाराचा ओव्हन. ‘सोपे, पोटभरीचे पदार्थ सुचवा,’ असं तुम्ही विचारलंय. पण खरी गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे: ‘मागच्या वेळी पहिल्यांचे हात धुऊन झाले तरी मी ऑम्लेटंच करत उभी होते.’

मी त्या ओळीपासून सुरुवात करतो. ऑम्लेट काही अवघड पदार्थ नाही. एकाला तीन मिनिटं लागतात, पण चौदा जणांना बेचाळीस. म्हणजे चारजणांच्या घरात जो पदार्थ सोपा असतो तो चौदाजणांत सोपा राहतोच असं नाही. मी गेली वीसेक वर्षं शिबिरांसाठी आणि घरगुती समारंभांसाठी स्वयंपाक करतोय, आणि पदार्थ निवडताना मी आधी चवीचा विचार करत नाही. हा पदार्थ अर्धा तास झाकून ठेवला तर बिघडेल की सुधारेल, एवढंच बघतो. बिघडणारा असेल तर तो कितीही आवडता असो, यादीतून बाद. तळलेलं, एकेक करून भाजायचं, गरम असतानाच खायचं ते सगळं यात जातं. उरतं ते थांबणारं जेवण: कडधान्याचा दाट रस्सा, ओव्हनमध्ये ट्रेभर भाजलेल्या भाज्या, भरलेले बटाटे, बेक केलेला पास्ता, सूप. यातलं बरंचसं तर दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेलं, जास्त चांगलं लागतं.

आता प्रमाणं. इथे परिस्थितीनुसार बदल होतो हे आधीच कबूल करतो. दिवसभर डोंगर चढून आलेली माणसं दीडपट खातात, उन्हात झोपा काढून उठलेली निम्मं. चार मुलांची वयं तुम्ही दिलेली नाहीत. सहा वर्षांची असतील तर दोघं मिळून एक मोठा माणूस धरा. सोळा वर्षांची असतील तर एकेक जण दोन धरा (हे मी गमतीने म्हणत नाहीये). मी मुलं लहान आहेत असं समजून बारा माणसांचा हिशोब करतो.

भात मुख्य असेल तर माणशी 80 ग्रॅम कच्चा तांदूळ, म्हणजे साधारण 1 किलो. शिजून तो अडीच ते तीनपट होतो. कोरडं कडधान्य माणशी 60 ग्रॅम, म्हणजे 700-750 ग्रॅम. भिजून-शिजून ते दुपटीच्या वर जातं. पास्ता माणशी 100 ग्रॅम, पण भाज्या आणि सॉस घालून बेक करणार असाल तर 80 पुरे. बटाटा हाच जेवणाचा आधार असेल तर माणशी 250 ग्रॅम, वर दोन-तीन जास्तीचे. सूप जेवण म्हणून देणार असाल तर 400 ते 500 मिलिलिटर. या आकड्यांवर जास्तीत जास्त दहा टक्के वाढवा. लोक घाबरून दुप्पट करतात, मग तीन दिवस तेच संपवत बसतात. कमी पडण्याची भीती वाटत असेल तर शिजवलेलं वाढवू नका, बाजूला दोन ब्रेड आणि डझनभर उकडलेली अंडी ठेवा. लागली नाहीत तर सकाळी न्याहारीला होतात.

पहिल्या रात्रीसाठी मी कडधान्याचा रस्साच सांगेन, कारण पहिल्या रात्री माणसं एका वेळी येत नाहीत. कोणी सहाला येतं, कोणाची गाडी अडकते आणि ते साडेनऊला उगवतं. मंद आचेवर झाकून ठेवलेलं पातेलं दोघांनाही सारखाच न्याय देतं. राजमा, छोले, पांढरे वाल, काहीही चालेल. कांदा भरपूर तेलात निवांत, चांगला तपकिरी होईपर्यंत परतायचा. सगळी चव तिथे तयार होते, म्हणून घाई करायची तर बाकी कुठेही करा, इथे नको. मग लसूण, मसाला, गाजर किंवा भोपळ्याचे तुकडे, शिजलेलं कडधान्य आणि त्याचंच पाणी. टोमॅटो सर्वांत शेवटी.

टोमॅटो शेवटी का, ते मी पैसे मोजून शिकलोय. एका शिबिरात चाळीस जणांसाठी राजमा करायचा होता. वेळ वाचवावा म्हणून मी भिजवलेला राजमा, टोमॅटो, मसाला सगळं एकत्रच चढवलं. तीन तास झाले तरी दाणा दाताखाली कचकन वाजायचा. आंबट पदार्थात कडधान्याची सालं आणि आतला भाग लवकर मऊ पडत नाही, बटाट्याचंही तसंच. रात्री साडेदहाला जेवणं झाली आणि लोकांनी ‘छान होतं’ असं म्हटलं, ते निव्वळ भुकेपोटी. तेव्हापासून आंबट काहीही असो, कडधान्य पूर्ण शिजल्यावरच पडतं. भिजवताना पाण्यात थोडं मीठ घातलं तर मात्र सालं उलट लवकर मऊ होतात. मिठाने कडधान्य शिजत नाही असं बरेच जण मानतात. माझा अनुभव तसा नाही.

राजम्याबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं आणि अर्धकच्चे थोडेसे दाणेसुद्धा उलट्या-जुलाब घडवू शकतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात खदखदून उकळी आणा आणि ती निदान दहा मिनिटं टिकू द्या. मी अर्धा तास टिकवतो. मग आच कमी करून मऊ होईपर्यंत शिजवा. कुकरमध्ये शिजवलात तर चिंता नाही. कमी तापमानावर दिवसभर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकणं मात्र धोक्याचं आहे, कारण उकळीपर्यंत न पोचणाऱ्या उष्णतेत ते विष जात नाही, उलट वाढू शकतं. डबाबंद राजमा आधीच शिजलेला असतो, तो बिनधास्त वापरा. चौदाजणांसाठी डबे वापरण्यात कमीपणा काहीच नाही.

आता रस्त्यातला मोठा खड्डा. चारजणांची पाककृती तिप्पट केली की सगळं तिप्पट होतं असं वाटतं, आणि तसं होत नाही. पातेलं मोठं झालं की त्यातला माल जितका वाढतो तितका तळ आणि वरचा उघडा भाग वाढत नाही. म्हणून उकळी यायला वेळ लागतो, पाणी आटायला वेळ लागतो आणि तळाला लागायची शक्यता वाढते. घरगुती बर्नरवर पाच लिटर पाणी उकळायला मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. हा वेळ कुठल्याच पाककृतीत लिहिलेला नसतो, आणि जेवण उशिरा होतं ते बहुतेक वेळा एवढ्यामुळेच. त्यामुळे रस्शात पाणी तिप्पट घालू नका, अडीचपट घाला आणि लागेल तसं गरम पाणी वाढवत जा. तिखटही आधी दुपटीवर थांबवा, मुलं आहेत. वेगळ्या वाटीत झणझणीत काहीतरी ठेवा, ज्याला हवं तो घेईल. मिठासाठी माझा अंदाज तयार पदार्थाच्या वजनाच्या सुमारे एक टक्का असतो. पाच किलो रस्सा असेल तर 50 ग्रॅम. पण सुरुवात 35 ग्रॅमने करा, दहा मिनिटं मुरू द्या, चाखा, मग वाढवा.

परतण्याचंही तसंच आहे. दीड किलो चिकन एकदम पातेल्यात ओतलं तर ते परतलं जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडतं आणि फिक्कट राहतं. तीन खेपांत करा, प्रत्येक तुकड्याला तळ भेटला पाहिजे. नाहीतर सरळ ओव्हनमध्ये टाका, तिथे जागा जास्त.

भाताची गंमत वेगळी. तांदूळ स्वतःच्या मापाइतकंच पाणी जेमतेम पितो, बाकीचं वाफेत जातं. तांदूळ चौपट केला म्हणून वाफ चौपट जात नाही. त्यामुळे चौपट पाणी घातलं की खालचा थर गिचका आणि मधला बरा, असं होतं. पूर्वी मी एका मोठ्या पातेल्यात करायचो आणि दर वेळी देवाचं नाव घ्यायचो. आता ओव्हनमध्ये करतो. दोन खोलगट ट्रे, प्रत्येकात धुऊन निथळलेला अर्धा किलो पांढरा तांदूळ, मापाने त्याच्या दीडपट उकळतं पाणी, मीठ, थोडं तेल, वर फॉइल घट्ट बसवून 200 अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं. बाहेर काढून फॉइल न उघडता दहा मिनिटं ठेवायचं, वाफ आत जिरते. भात मोकळा होतो आणि दोन्ही बर्नर रिकामे राहतात. तुमच्याकडे दोनच आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

दुसऱ्या रात्री भाजलेले बटाटे. यात तुमचं काम जवळपास नाहीच. साडेतीन किलो मोठे बटाटे धुवा, सालं तशीच ठेवा, काट्याने टोचा, तेल-मीठ चोळा आणि 200 अंशांवर थेट जाळीवर ठेवा. एकटादुकटा बटाटा तासाभरात होतो, ओव्हन भरलेला असेल तर सव्वा ते दीड तास धरा. सुरी विरोध न करता आत गेली की झालं. फॉइलमध्ये गुंडाळू नका. एक तर साल वाफेने ओलसर पडते. दुसरं म्हणजे फॉइलमधला बटाटा तसाच बाहेर तासन्‌तास राहिला तर आत हवा न लागलेली, ओलसर, उबदार जागा तयार होते आणि बोट्युलिझम या गंभीर अन्नविषबाधेच्या जिवाणूंना नेमकं तेच हवं असतं.

बटाटे भाजेपर्यंत मेजावर वाट्या मांडा: कालचा उरलेला रस्सा (तो आता भरण झाला), किसलेलं चीज, दही, चिरलेला कांदा, वाफवलेले मक्याचे दाणे, परतलेली मशरूम, खाणाऱ्यांसाठी सुटं केलेलं चिकन. ज्याचं त्याने भरून घ्यायचं. मुलं एरवी ज्या भाजीला नाक मुरडतात ती स्वतःच्या हाताने बटाट्यात भरली की खातात, का कोण जाणे.

मांस न खाणाऱ्या दोघांचा प्रश्न इथे आपोआप सुटतो. ‘त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी’ करायला जाऊ नका, त्यात तुमचा बर्नरही अडकतो आणि ती दोघंही अवघडतात. मूळ पदार्थ शाकाहारी ठेवा आणि मांस बाजूला, वरून घालण्याजोगं. सूपसाठी तयार वड्या किंवा पावडर वापरत असाल तर त्यावरचा मजकूर वाचा, भाज्यांच्या नावाखालीही कधीकधी प्राणिज चरबी असते. वाढायचे चमचे वेगळे. आणि कोणाला कसली अ‍ॅलर्जी आहे का हे पाहुणे येण्याच्या आधीच्या आठवड्यात विचारा, मेजावर बसल्यावर नको. शेंगदाणे आणि सुकामेवा मी न विचारता पदार्थात कधीच मिसळत नाही.

तिसऱ्या रात्री, सगळे एव्हाना जरा आळसावलेले असतात, तेव्हा दोन ट्रे. एकात चिकनचे हाडासकट मांडीचे तुकडे, खाणाऱ्या मोठ्यांना दोन आणि मुलांना एक या हिशोबाने वीस. दुसऱ्यात छोले, फ्लॉवर, रताळी, कांद्याच्या जाड फोडी. दोन्हींना तेल, मीठ, लसूण, हवा तो मसाला. 200 अंशांवर पन्नास मिनिटं ते तास, मध्ये एकदा ट्रेंची जागा बदलायची आणि शेवटी लिंबू पिळायचं. छातीचे तुकडे घेऊ नका, ते पाच मिनिटं जास्त झाले की कोरडे होतात. मांडीचे तुकडे चुका पोटात घालतात. हाडाजवळ 74 अंश झाले पाहिजेत; थर्मामीटर नसेल तर सर्वांत जाड तुकडा कापून बघा, रस स्वच्छ हवा आणि आत गुलाबीपणा नको.

तुम्हाला पास्ताच करायचा असेल तर तो बेक करा. आयत्या वेळी उकळून वाढायच्या फंदात पडू नका. दर 100 ग्रॅमला एक लिटर पाणी या हिशोबाने किलोभराला दहा लिटर लागतात, आणि तेवढं पातेलं घरात नसतंच. दोन खेपांत उकळा, पाकिटावरच्या वेळेपेक्षा तीन मिनिटं आधी निथळा, थोडं तेल लावून पसरून ठेवा. सॉस नेहमीपेक्षा पातळ करा, कारण पास्ता ओव्हनमध्येही पीत राहतो. हे सगळं सकाळी रचून फ्रीजमध्ये ठेवता येतं, संध्याकाळी 190 अंशांवर पाऊण तास.

न्याहारी. ऑम्लेटचा सूड घ्यायचा असेल तर हा घ्या: चोवीस-पंचवीस अंडी थोडं दूध घालून फेटा, तेल लावलेल्या ट्रेमध्ये रात्रीचे उरलेले बटाटे आणि भाज्या पसरा, वरून अंडी ओता, 180 अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं. मधला भाग हलवल्यावर डुचमळला नाही की झालं. चौकोन कापा. तुम्हीही बसून खाल. दोघांपैकी कोणी अंडीही खात नसेल तर ओट्सची खीर आणि फळं आहेतच, ओट्स माणशी 40-50 ग्रॅम.

दुपारचं जेवण मी मुद्दाम हलकं धरतो: सूप, ब्रेड, कापलेल्या कच्च्या भाज्या. उरलेला रस्सा पाणी घालून घोटला की सूपच होतो.

उरलेल्याबद्दल मी जरा कटकट करणार आहे, कारण मोठ्या पातेल्यात खरा धोका स्वयंपाक संपल्यावर सुरू होतो. 5 ते 60 अंश या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. सहा लिटरचं पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं तर त्याचा मध्यभाग रात्रभर कोमट राहतो. तेच पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकललं तरी आतून लवकर थंड होत नाही, वर शेजारचं दूधही तापतं. म्हणून जेवणं झाली की आधी पातेलं रिकामं करा: रस्सा, मांस सगळं पसरट भांड्यांत, साधारण दोन इंचांचा थर, आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. भात विशेष जपा. तांदळातले काही जिवाणू बीजाणूंच्या रूपात शिजण्यातून वाचतात, भात कोमट राहिला की जागे होतात आणि जे विष सोडतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. तेव्हा रात्रभर बाहेर राहिलेला भात कितीही चांगला दिसला तरी टाकून द्या. बाकीचं गरम करताना नुसतं कोमट करू नका, वाफाळेपर्यंत आणि मधोमध 75 अंशांपर्यंत तापवा.

इथवरचं एकत्र केलं तर तुमचं वेळापत्रक असं दिसतं. पाहुणे येण्याच्या आदल्या रात्री कडधान्य भिजेल. त्या दिवशी सकाळी रस्सा होईल, पसरट भांड्यांत थंड होऊन फ्रीजमध्ये जाईल आणि संध्याकाळी फक्त उकळी येऊन मंद आचेवर बसेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला बटाटे ओव्हनमध्ये. तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रे मसाला लावून तयार. रोज संध्याकाळी चुलीपाशी तुमचं काम अर्ध्या तासाच्या आत.

पाहुणे दारात आल्या-आल्या पहिल्या पंधरा मिनिटांत हातात काहीतरी द्या. मगमध्ये सूप, कापलेली फळं, ब्रेडचे तुकडे, काहीही. पोटात थोडं गेलं की जेवण अर्धा तास लांबलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. भुकेलेली चौदा माणसं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ‘काही मदत करू का’ विचारत असतात तेव्हा स्वयंपाक हमखास बिघडतो. त्या प्रश्नाला ‘नको नको’ म्हणू नका. आधीच चार कामं कागदावर लिहून फ्रीजवर लावा: सॅलड चिरणे, पाणी भरणे, ताटल्या मांडणे, सिंक रिकामं ठेवणे. विचारणाऱ्याला एक देऊन टाका. सिंकचं काम सर्वांत महत्त्वाचं आहे आणि ते कोणी आपणहून घेत नाही.

वाढण्याचा क्रमही ठरवा. रांगेत जे आधी येतं ते लोक भरपूर घेतात. म्हणून आधी भात किंवा ब्रेड, मग रस्सा आणि भाज्या, आणि जे मोजकं आहे ते, म्हणजे चिकन किंवा चीज, शेवटी. मुलांना आधी वाढून बसवा. तुमची स्वतःची ताटली झाकून बाजूला काढून ठेवा, हे मी सगळ्या यजमानांना सांगतो आणि जवळपास कोणीच करत नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नातून कळली नाही. घर उंचावर, डोंगरात आहे का? दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, तेव्हा कडधान्य आणि बटाटे उकडायला बराच जास्त वेळ धरावा लागेल किंवा कुकरच बरा. आणि तुमचं सर्वांत मोठं पातेलं किती लिटरचं आहे ते बाटलीने पाणी ओतून मोजा. पहिल्या रात्रीचा रस्सा पाच लिटरच्या आसपास होईल, भांडं तीन-चतुर्थांशच भरायचं, म्हणजे सात लिटरचं तरी लागेल. तेवढं नसेल तर उसनं आणू नका, रस्सा सरळ दोन पातेल्यांत करा. तिखट एकात आणि सौम्य एकात.